स्कोपवरचा मोठा आकडा आणि आपल्या डोळ्याची बाहुली

स्कोप घ्यायला दुकानात गेलात की काउंटरपलीकडचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, किती पटीचा हवा? आपण मराठी माणसं हिशोबी, त्यामुळे मनात लगेच गणित सुरू होतं. ९ पटीपेक्षा १८ चांगला, १८ पेक्षा २४ आणखी चांगला, आणि वरचे पैसे तर फारसे नाहीत! माझं मत नेमकं उलटं आहे, ते आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेणाऱ्या बहुतेकांना ९ पटीच्या वरचा स्कोप लागत नाही. ज्यांना तो लागतो त्यांना तो का लागतो हे माहीत असतं. बाकीच्यांनी तोच पैसा चांगल्या काचेवर घालावा. आणि हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. फार मोठ्या पटीचा स्कोप काही वेळा थेट धोक्याचा असतो. कसा ते पुढे येईलच.

रायफल घरात असावी का, शिकार करावी का, हा वाद मी इथे काढत नाही. तुमच्यापैकी कित्येकजण शाकाहारी आहात आणि काहींना हा विषयच नकोसा वाटेल, याची कल्पना आहे. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा राज्यांत नोव्हेंबर आला की ऑफिसातले निम्मे सहकारी रजेवर जातात. कोणाचा मुलगा स्काउटमध्ये रायफल शूटिंगचा बॅज मिळवून घरी येतो. मग हा विषय आपल्याही उंबरठ्याच्या आत येतो. आला आहे, तर तो नीट समजून घेऊ. मुळात हा सगळा शाळेतल्या भिंगांचाच धडा आहे.

स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, विवर्धन ३ पटीपासून ९ पटीपर्यंत बदलता येतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. दुकानात सगळे पहिल्या दोन आकड्यांवर बोलतात. मी म्हणतो, आधी भागाकार करा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. इंग्रजीत तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे केलात तर मागच्या भिंगात प्रकाशाची एक गोल टिकली दिसते, तीच ही. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर. आता मोठ्या थाटाचा ६-२४×५० घ्या. २४ पटीला त्याची टिकली होते ५० भागिले २४, म्हणजे जेमतेम २.१ मिलिमीटर.

हे महत्त्वाचं कशासाठी? भर दुपारी तुमच्या डोळ्याची बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरची असते, त्यामुळे दोन्ही स्कोप सारखेच उजळ वाटतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखालीही तसंच वाटतं, आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथेच. पण हरीण भर दुपारी येत नाही. ते येतं तांबडं फुटायच्या सुमारास आणि दिवेलागणीला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची मुभा असते, आणि त्या दोन अर्ध्या तासांतच सगळी हालचाल असते. तेव्हा तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी ओलांडलेल्यांची साधारण पाचपर्यंत. समजा तुमची सहा मिलिमीटर उघडली आणि स्कोप फक्त २.१ मिलिमीटरचा झोत देतोय. क्षेत्रफळाचं गुणोत्तर काढा, सुमारे एक अष्टमांश. म्हणजे नुसत्या डोळ्याला झाडाखाली जेवढा उजेड दिसतोय, त्याच्या आठव्या हिश्श्याएवढाच स्कोपमधून दिसणार. पट वाढली, चित्र विझलं.

जर्मनीत रानडुकरासाठी रात्री मचाणावर बसणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ८×५६ हा स्कोप का वापरत आले, ते यावरून कळेल. ५६ भागिले ८, बरोबर ७. हा आकडा डोळ्यावरून काढलेला आहे, बाजारावरून नाही. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. अंधुक प्रकाशात थोडी जास्त पट बारकावे ओळखायला मदतही करते, त्यामुळे टिकली सातच्या खाली गेली की सगळं संपलं असं नाही. चार-पाच मिलिमीटरला काम छान चालतं. दोनला चालत नाही.

‘मग २४ पटीचा घेऊन तो ६ पटीवर ठेवला तर?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ठेवा की! पण ६ ही त्याची सर्वांत खालची पायरी आहे. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, ३ पटीच्या स्कोपमधून साधारण ३३ फूट रुंदीचं दृश्य दिसतं. ६ पटीला ते १६-१७ फुटांवर येतं आणि २४ पटीला जेमतेम चार फुटांवर. आता पेनसिल्व्हेनियातलं दाट ओकचं रान डोळ्यांसमोर आणा. हरीण दिसतं ते शंभर यार्डांवर नाही, तीस यार्डांवर. तिथे ६ पटीला तुमच्या खिडकीची रुंदी उरते पाच फूट. पांढऱ्या शेपटीचं हरीण स्वतःच जवळजवळ तेवढं लांब असतं. तुम्हाला दिसतं तपकिरी केसांचं एक गालिच्यासारखं काहीतरी. डोकं कुठे, खांदा कुठे, काही पत्ता नाही.

धोक्याचं म्हणालो ते इथे आहे. त्या गालिच्याच्या शेजारी काय आहे, मागे काय आहे, हे अरुंद खिडकीत दिसत नाही. मागच्या झुडपात दुसरं हरीण असेल, उतारावरून चालत येणारा दुसरा शिकारी असेल. त्यांनी केशरी जाकीट घालण्याची सक्ती बऱ्याच राज्यांत आहे, पण तुमच्या खिडकीत त्याचा तुकडाच येत नसेल तर त्या केशरीचा उपयोग काय? शिकारीच्या परवान्याआधी जे शिक्षण देतात त्यात पहिल्याच तासाला सांगतात, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्ही ओळखल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नका. ‘पलीकडे काय आहे’ हे पाहायला रुंदी लागते, पट नाही.

त्याला लागूनच आणखी एक. स्कोप ही दुर्बीण नव्हे. झाडीत काय हललं ते पाहायला स्कोप डोळ्याला लावणारा माणूस, काय हललं ते कळायच्या आधीच त्याच्यावर भरलेली नळी रोखत असतो. ते माणूस निघालं तर? ज्याच्या गळ्यात साधी ८×४२ दुर्बीण आहे त्याला असं करण्याचा मोहच होत नाही. एकूण पैशांतून आधी दुर्बीण घ्या, उरलेल्यात स्कोप. हे मी गमतीने म्हणत नाही.

आता थरथरीचं बघू. खांद्याला टेकवलेली रायफल कधीच स्थिर नसते. श्वास असतो, नाडी असते, थंडीने आखडलेले स्नायू असतात. समजा तुमची नळी दोन आर्कमिनिटांच्या पट्ट्यात हलतेय. एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो जवळजवळ एक इंच भरतो, त्यामुळे नेमबाजांची ही आवडती मोजपट्टी. ४ पटीला ही थरथर ८ मिनिटांची दिसते, डोळा तिकडे दुर्लक्ष करतो. २० पटीला ती ४० मिनिटांची दिसते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या चकतीपेक्षा मोठी! लक्ष्यावर मात्र दोन्ही वेळा तेच दोन इंच. स्कोपने थरथर ना वाढवली ना कमी केली, फक्त दाखवली. पण दाखवल्यावर माणूस काय करतो? फुली हरणाच्या खांद्यावरून सरकत जाते तेवढ्या क्षणी ट्रिगर हिसकतो. आणि हिसकलेला ट्रिगर दोन इंचांचे दहा इंच करतो.

‘पण मोठं दिसल्याशिवाय नेम कसा लागणार?’ यावर उत्तर कोल्हापूरकडे आहे. जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आधी, २०१० साली, कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. या स्पर्धांत मोठं करून दाखवणारा स्कोप वापरायला बंदी आहे. मागे बारीक भोकाची चकती, पुढे एक कडी, एवढंच. आणि ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ किती मोठं असतं? व्यास १०.४ मिलिमीटर. कोनात मोजलं तर ०.७ आर्कमिनिट. निरोगी डोळ्याची बारकावे वेगळे पाहण्याची मर्यादा साधारण एक आर्कमिनिट असते. म्हणजे ज्या वर्तुळात गोळी घालायची ते नेमबाजाला दिसतच नाही.

मग जमतं कसं? कारण नेम धरणं आणि बारकावे पाहणं या डोळ्याच्या दोन वेगळ्या करामती आहेत. नेमबाजाला दिसतं ११२.४ मिलिमीटरचं काळं वर्तुळ, आणि ते तो कडीच्या बरोबर मध्ये बसवतो. दोन वर्तुळं एकाच केंद्रावर आहेत का, दोन रेघा एका ओळीत आहेत का, हे ओळखण्यात आपला डोळा विलक्षण तेज आहे. त्यातली चूक त्याला काही आर्कसेकंदांपर्यंत कळते, म्हणजे स्वतःच्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. व्हर्नियर कॅलिपरवरच्या रेघा जुळवताना आपण हीच करामत वापरत होतो, फक्त प्रयोगवहीत तसं लिहीत नव्हतो. फिनलंडचा सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात स्कोपशिवाय, साध्या लोखंडी माशीनेच लढला. स्कोपसाठी डोकं वर काढावं लागतं, काच चकाकते आणि कडाक्याच्या थंडीत ती धुरकटते, अशी त्यामागची कारणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि रशियन नेमबाजांचे स्कोप साडेतीन पटीचे होते. तेव्हा हरणाच्या छातीतल्या आठ-दहा इंचांच्या भागासाठी तुम्हाला २४ पट लागते असं कोणी म्हणालं, तर त्याला हा हिशोब दाखवा. ४ पटीने २०० यार्ड ५० यार्डांवर येतात. ५० यार्डांवरची जेवणाची थाळी कोणाला दिसत नाही?

मोठ्या पटीची खरी गरज कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. कागदावर नेम धरणाऱ्यांना ती लागते. ०.२२ च्या गोळीचं भोक साडेपाच मिलिमीटरचं. १०० यार्डांवर ते पाव आर्कमिनिटही भरत नाही, त्यामुळे आपलं भोक कुठे पडलं ते बसल्या जागेवरून बघायचं तर १५-२० पट हवी. एफ-क्लास नावाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत लोक ४०-५० पटीचे स्कोप लावतात. पण त्यांची रायफल टेकूवर असते, लक्ष्य हलत नाही, आणि वेळ भरपूर असतो. वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्नच्या मागे जाणाऱ्याला १२-१५ पट असावी हेही पटण्यासारखं आहे. तिथेही दुपार तापली की जमिनीवरून मृगजळ उठतं आणि स्कोप त्यालाही तेवढ्याच पटीने मोठं करतो. नगर-सोलापूर रस्त्यावर मे महिन्यात दूरचा ट्रक पाण्यात तरंगताना पाहिला असेल ना, तसंच. मग जाणकार स्वतःहून पट खाली आणतो.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मोठा आकडा माणसाला लांबून गोळी झाडायची हिंमत देतो, आणि ती हिंमत उसनी असते. ०.३०८ सारखी नेहमीची गोळी ५०० यार्ड जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त घेते. तेवढ्यात हरीण एक पाऊल पुढे टाकतं, आणि छातीची गोळी पोटात लागते. १०० यार्डांवर बसवलेल्या नेमाच्या मानाने तिथे ती सुमारे पाच फूट खाली पडते आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्याने दीड फुटाहून जास्त सरकते. वारा इथे किती, मधल्या ओघळीत किती, पलीकडे किती, यातलं काहीही २४ पटीच्या काचेत लिहिलेलं नसतं. जखमी जनावर रात्रभर रानात फिरतं, आणि दुसऱ्या दिवशी सापडेलच असं नाही. ‘दिसलं म्हणून मारलं’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

तर मग पैसा कुठे घालायचा? काचेवर, म्हणजे खरं तर काचेवरच्या लेपावर. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे सोळा पृष्ठभाग धरा. ०.९६ चा सोळावा घात काढलात तर ०.५२ येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वाटेतच गेला. वर तो आत इकडे-तिकडे उसळून चित्र दुधाळ करतो ते वेगळंच. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या लेपाची पद्धत काढली आणि सगळा खेळ बदलला. आज चांगल्या बहुस्तरीय लेपाने दर पृष्ठभागामागचा तोटा अर्ध्या टक्क्यापर्यंत आणता येतो. तोच सोळावा घात आता ०.९२ होतो. खोक्यावर ‘फुली मल्टि-कोटेड’ लिहिलंय की नुसतं ‘कोटेड’, या एका शब्दात हा सगळा फरक आहे. तो वाचा. दुकानदाराला विनंती करून संध्याकाळी स्कोप बाहेर नेऊन सावलीतल्या झुडपाकडे पाहा. चांगले दुकानदार नेऊ देतात, फक्त स्कोप रायफलवर लावलेला नसावा!

जाड नळीतून जास्त उजेड येतो, हा एक लाडका गैरसमज. उजेड ठरतो पुढच्या भिंगाने आणि लेपाने. २५.४ मिलिमीटरच्या, म्हणजे एक इंचाच्या, नळीऐवजी ३० किंवा ३४ ची घेतली तर मुख्यतः नेम वर-खाली करायला आत जागा जास्त मिळते. ३०० यार्डांच्या आत राहणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसावं.

पॅरॅलॅक्सची भीतीही जरा जास्तच घातली जाते. आगगाडीच्या खिडकीची दांडी आणि बाहेरचं झाड, डोकं हलवलं की एकमेकांवरून सरकतात, तोच हा प्रकार. शिकारीचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवून बंद केलेले असतात. ४० मिलिमीटर भिंगाचा असा स्कोप २०० यार्डांवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तरी जास्तीत जास्त चूक २० मिलिमीटरची होते. एक इंचसुद्धा नाही. हरणाला चालेल, कागदाला चालणार नाही. म्हणून कागदावर नेम धरणाऱ्याने जुळवता येणारा घ्यावा, बाकीच्यांनी त्याचे पैसे वाचवावेत.

चष्मेवाल्यांसाठी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठी, मागच्या भिंगाची कडी महत्त्वाची. चष्मा लावून शूटिंग करणार असाल तर चष्मा लावूनच ती जुळवा. कोऱ्या आकाशाकडे बघा, सूर्याकडे चुकूनही नको. डोळे मिटा, उघडा, आणि पहिल्या सेकंदातच फुली रेखीव दिसते का ते ठरवा. जास्त वेळ टक लावलीत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला फसवतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पालथं पडून नेम धरताना नजर काचेच्या वरच्या कडेतून जाते, तिथला नंबर दूरचाच आहे ना, हे चष्मेवाल्याला विचारून घ्या. आणि डोळा मागच्या भिंगापासून साडेतीन इंच तरी लांब राहायला हवा. रायफल मागे धक्का देते, स्कोपची कड भुवईवर बसते, आणि चंद्रकोरीसारखी खूण घेऊन सोमवारी ऑफिसात जावं लागतं.

माझी निवड विचाराल तर दाट रानासाठी २-७×३३, सगळ्यासाठी मिळून एकच घ्यायचा तर ३-९×४०, माळरानासाठी फार तर ४-१२. पट बदलली तरी फुली तेवढीच जाड राहते असा प्रकार, म्हणजे सेकंड फोकल प्लेन, शिकारीला बरा. दुसऱ्या प्रकारात खालच्या पटीला फुली कोळ्याच्या धाग्याएवढी बारीक होते, आणि ती नेमकी दिवेलागणीला शोधावी लागते. स्कोप बसवल्यावर आधी २५ यार्डांवर जुळवा. पाव आर्कमिनिटाचा क्लिक तिथे इंचाच्या सोळाव्या भागाएवढाच सरकतो, त्यामुळे तीन इंचांची चूक काढायला ४८ क्लिक लागतील. घाबरू नका, बिघडलेलं नाही. १०० यार्डांवर त्याच तीन इंचांना बारा क्लिक पुरतात.

कायद्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे, पण त्याच्या अटी वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय मित्राची रायफल रेंजवर हातात घेऊ नका. आणि पुढच्या सुटीत गावाकडून मामेभावाने ‘येताना एक स्कोप आण रे’ असं सांगितलं, तर त्याला सरळ नाही म्हणा. दुकानात तो नुसत्या भिंगासारखा कोणालाही मिळत असला, तरी अमेरिकेच्या निर्यात कायद्यात बंदुकीच्या स्कोपची नोंद नियंत्रित वस्तूंमध्ये आहे. परवान्याशिवाय तो बॅगेत घालून देशाबाहेर नेणं किंवा पोस्टाने धाडणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि ‘मला वाटलं दुर्बीण आहे’ हे उत्तर विमानतळावर कोणी ऐकून घेत नाही.